वह्या गोठत नाहीत

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एक चित्र फार प्रसिद्ध आहे. आकारानं पोस्टकार्डाएवढंच. पांढऱ्या बर्फात एक जनावर उभं आहे. फासळ्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आलेल्या, पाठ कमानीसारखी वाकलेली, मान खाली. थोड्या अंतरावर लांडगे थांबले आहेत. त्यांना घाई नाही.

हे चित्र 1887 च्या हिवाळ्यात चार्ली रसेल नावाच्या बावीस वर्षांच्या गुराख्यानं रंगवलं. जुडिथ खोऱ्यातल्या एका ठाण्यावर तो तेव्हा राहत होता. कळपाचे मालक दूर हेलेना शहरात. त्यांचं पत्र आलं, गुरांचं कसं काय आहे? ठाण्याचा मुकादम उत्तर लिहायला बसला. शेजारी बसून रसेलनं हे चित्र काढलं. मुकादमानं ते पाहिलं, आणि वेगळं काही लिहायची गरज नाही म्हणून पत्राच्या जागी तेच पाठवून दिलं, असं सांगतात. शब्दांवर पोट नसलं तरी शब्दांवर जीव असलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट थोडी लागते. पण त्या उत्तरात काही कमी नव्हतं, हेही खरं.

पुढं या चित्राला नाव मिळालं ‘चिनूकची वाट पाहताना’. चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा कोरडा, उबदार वारा. तो सुटला की काही तासांत बर्फ वितळतं आणि खालचं गवत उघडं पडतं. त्या वर्षी गुरं त्याची वाट पाहत उभी होती. तो आला तो मार्च महिन्यात.

आज त्या हिवाळ्याची गोष्ट सांगायची आहे. तुम्ही म्हणाल, हजारो मैलांवरच्या गुरांशी आपला काय संबंध? आणि ही गुरं दुधाची नाहीत, औताची नाहीत, मांसासाठी पाळलेली. आपल्याकडे या विषयाभोवती बराच धुरळा उडतो, आणि माझं नाव ऐकून तो जरा जास्तच उडायचा. तो राहू द्या बाजूला. ही गोष्ट गवताची आहे. एका कुरणावर किती जनावरं जगू शकतात, आणि हा आकडा ठरवायचा कुणी, एवढाच तिचा विषय.

आपल्याकडे जनावराची परीक्षा चैत्र-वैशाखात होते. रान करपतं, पाणी आटतं. तिकडं ती पौष-माघात होते. रानात गवत असतं, पण बर्फाखाली. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच, पुढचं गवत उगवेपर्यंत खायला घालायचं काय? माझ्या आजोळी परसात कडब्याची गंजी असे. नानी शाळेत गेलेली नव्हती. पण संक्रांतीच्या सुमारास ती गंजीभोवती एक चक्कर मारून सांगायची, ‘ही होळीपर्यंत पुरेल’, किंवा ‘यंदा पाडव्यालाच तळ दिसेल’. मग एखादं खोंड बाजारात न्यायचं की दावणीला ठेवायचं, ते त्या हिशेबानं ठरे. मोंटाना आणि वायोमिंगमधल्या मोठमोठ्या गुरांच्या कंपन्यांकडे मुनीम होते, तारायंत्र होतं, लंडन-एडिंबरोत कचेऱ्या होत्या. फक्त गंजी नव्हती.

का नव्हती, हे समजण्यासाठी तिथलं गवत समजून घ्यावं लागेल.

आपल्या माळावरचं कुसळी गवत वाळलं की त्याची काडी होते. जनावर तोंड लावतं ते नाइलाजानं. उत्तर अमेरिकेच्या मधल्या मैदानावर पाऊस मुळात कमी, आणि उन्हाळ्याच्या शेवटी हवा एकदम कोरडी. तिथलं ब्लू ग्रामा किंवा बफेलो ग्रास हे बोटभर उंचीचं गवत उभ्या उभ्या वाळतं आणि वाळताना त्यातला कस बराचसा टिकून राहतो. पावसाळी प्रदेशात तो पाण्यानं धुऊन जातो. म्हणजे निसर्गानंच रानभर अंथरून ठेवलेली वैरण म्हणा. कापायला नको, रचायला नको. हजारो वर्षं या वैरणीवर बायसनचे कळप जगले. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा भाऊबंद. खांद्यावर मोठा उंचवटा, अंगावर दाट लोकर, आणि डोकं मोठं जड. बर्फ पडलं की तो मुंडकं डावी-उजवीकडे हलवत बर्फ बाजूला सारतो आणि खालचं गवत खातो. वादळ आलं की वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. एक जागा खाऊन झाली की कळप पुढं जातो आणि परत यायला कितीतरी दिवस लागतात. तेवढ्यात गवत पुन्हा सावरतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे सुमारे तीन कोटी बायसन असावेत, असा अंदाज आहे. 1889 पर्यंत ते हजारभर उरले. कातड्यांचा व्यापार होता, रेल्वे होती, दुरून मारणाऱ्या बंदुका होत्या. आणि बायसन संपला की त्याच्यावर जगणारा मूलनिवासी आपोआप वठणीवर येईल, हे गणितही सरकारदरबारी होतं. 1876 साली लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन लोकांनी कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. पण त्यानंतरच्या काही वर्षांत याच लोकांना राखीव प्रदेशांत कोंडण्यात आलं.

मोंटानाच्या उत्तरेला ब्लॅकफीट लोकांची वस्ती. 1883-84 च्या हिवाळ्यात त्यांच्या रानात बायसन उरला नव्हता आणि सरकारी शिधा पुरेसा आला नाही. त्या एका हिवाळ्यात पाचशे-सहाशे माणसं उपासमारीनं मेली. ब्लॅकफीट लोक आजही त्याला ‘उपासमारीचा हिवाळा’ म्हणतात. ज्या गुरांच्या मृत्यूची गोष्ट मी सांगणार आहे, त्याच्या फक्त तीन वर्षं आधी, त्याच गवताळ प्रदेशात हे घडलं होतं. गुरांवर चित्रं निघाली, पुस्तकं निघाली. या माणसांची नोंद बाहेरच्या जगानं फार उशिरा घेतली.

रिकाम्या झालेल्या गवतावर आता टेक्सासची गुरं आली. यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरं मोकाट वाढलेली होती आणि त्यांना तिथं भाव नव्हता. उत्तरेत भाव होता. 1867 पासून कॅन्सासमधल्या ॲबिलीन गावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत गुरं हाकत नेऊ लागले. तिथून ती डब्यांत भरून शिकागोच्या कत्तलखान्यांकडे जात. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की उत्तरेला वायोमिंग-मोंटानात गवत फुकट आहे, जमीन सरकारची, भाडं नाही, सारा नाही. पाच डॉलरचं वासरू सोडायचं, चार वर्षांनी पन्नास-साठ डॉलरचा तयार बैल पकडायचा. मधल्या काळात खर्च म्हणजे मूठभर गुराख्यांचा पगार. जेम्स ब्रिसबिन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं 1881 साली यावर एक पुस्तकच लिहिलं, मैदानावर श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारं. ते विलायतेतही वाचलं गेलं. 1883 साली एडिंबरोमध्ये स्वॉन कंपनीची स्थापना झाली. स्कॉटलंडमधल्या साध्या बचतदारांचा पैसा, त्यांनी कधी न पाहिलेल्या गवतावर, कधी न पाहिलेल्या गुरांमध्ये गुंतला. न्यूयॉर्कच्या एका खानदानी घरातला तरुण, थिओडोर रूझवेल्ट, त्याच वर्षी डाकोटात शिकारीला आला आणि ऐंशी हजार डॉलरहून अधिक या धंद्यात ओतून बसला. पुढं तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा त्याची गोष्ट पुन्हा येईल.

या धंद्यात एक गंमत होती. गुरं विकताना ती मोजत नसत. शेकडो मैलांत विखुरलेला कळप मोजणार कसा? मग वही बघायची. गेल्या वर्षी इतकी गुरं, इतक्या गाई, म्हणून इतकी वासरं झाली असणार, इतकी मेली असतील, इतकी विकली, बाकी इतकी. या बाकीवर सौदा व्हायचा, या बाकीवर कर्ज मिळायचं, या बाकीवर भागधारकांना लाभांश वाटला जायचा. शायेन शहरातल्या एका दारूच्या गुत्त्यातला किस्सा सांगतात. बाहेर हिमवादळ चाललेलं, आत गुरांचे मालक तोंडं पाडून बसलेले. गुत्तेवाला त्यांना धीर देत म्हणाला, काळजी कशाला करता, काही झालं तरी वह्या काही गोठत नाहीत!

ग्रॅनविल स्टुअर्ट नावाचा एक जुना मोंटानावासी होता. सोनं शोधायला आलेला, शोशोनी जमातीतल्या बाईशी संसार केलेला, वाचनाचं वेड असलेला. संत वगैरे मुळीच नव्हे. 1884 साली घोडेचोर समजून माणसांना पकडून झाडाला लटकवणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या होता. पण त्यानं लिहून ठेवलेल्या आठवणी या काळाच्या अभ्यासाला सोडवत नाहीत. त्यानं म्हटलंय की 1880 साली जिथं बायसनचे कळप होते, तिथं 1883 च्या शरद ऋतूत एकही उरला नव्हता आणि सहा लाख गुरं चरत होती. तीन वर्षांत! गवत तेच. पण बायसन येऊन पुढं निघून जायचा. गुरं मात्र पाण्याच्या आसपास घुटमळतात, आवडीचं गवत मुळापर्यंत ओरबाडतात, आणि त्याच जागी उद्या परत येतात.

कुरण भरलं आहे, नवे कळप आणू नका, असं जुन्या मालकांच्या संघटना वर्तमानपत्रांत छापून सांगू लागल्या. पण रान सरकारी, अडवणार कोण? सगळ्यांचं असलेलं रान राखायची कुणावरच सक्ती नव्हती. मी थांबलो तर माझ्या वाट्याचं गवत शेजारी खाईल, असा सरळ विचार. त्यातच 1885 साली राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी दक्षिणेत शायेन-अरापाहो लोकांच्या राखीव जमिनीवरून गुरं हटवण्याचा हुकूम काढला. हुकूम न्यायाचा होता, त्याबद्दल शंका नाही. पण दोन लाखांहून जास्त गुरं आधीच भरलेल्या रानांवर आली. जानेवारी 1886 मध्ये दक्षिणेच्या मैदानांवर हिमवादळ आलं आणि वाऱ्याच्या रेट्यानं चालत निघालेली गुरं काटेरी तारेच्या कुंपणाशी अडकून ढिगांनी मेली. काटेरी तार तेव्हा नवीनच होती. तिचं गाजलेलं पेटंट 1874 चं. उत्तरेच्या मालकांनी ती बातमी वाचली आणि पुढचं पान उलटलं.

1886 चा उन्हाळा मोंटानात कोरडा गेला. ओढे आटले, गवत वाढलंच नाही, वणवे लागले. हाच तो क्षण होता. नानीनं गंजीला चक्कर मारायची वेळ. गुरं विकून कमी करायची, की ठेवायची? शिकागोत भाव पडलेले होते. पडत्या भावात विकायचं म्हणजे वहीतली बाकी खोटी ठरणार, बँक प्रश्न विचारणार. बहुतेकांनी ठेवली. पुढच्या वर्षी भाव येईल म्हणाले.

स्टुअर्टनं लिहिलंय, त्या वर्षी पक्षी लवकर दक्षिणेकडे गेले आणि उत्तरेची पांढरी घुबडं रानात दिसू लागली. म्हाताऱ्या मूलनिवाशांनी ती पाहून अंगावरची घोंगडी घट्ट ओढून घेतली. नोव्हेंबरात बर्फ सुरू झालं. डिसेंबरात वाढलं. मध्येच एकदा थोडी ऊब आली, वरचं बर्फ अर्धवट वितळलं आणि रात्रीच्या थंडीत पुन्हा गोठलं. खरा घात झाला तो इथं. मऊ बर्फातून गाय थोडंफार तोंड घालू शकते. घोडा तर खुरानं उकरूनही खातो. पण गोठलेल्या पापुद्र्यापुढं गाईचं काही चालत नाही. बायसनसारखं डोक्यानं बर्फ सारणं तिला जमत नाही. गवत पायाखाली, वीतभर अंतरावर, आणि मध्ये काचेसारखा थर. तो फोडताना गुरांच्या नाकपुड्या आणि पाय कापले गेले. 9 जानेवारीला पुन्हा बर्फ, आणि 15 जानेवारीच्या रात्री पारा उणे 43 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, अशी स्टुअर्टची नोंद आहे. महिनाअखेरीला आणखी एक वादळ.

टेडी ब्लू ॲबट हा स्टुअर्टकडचा गुराखी. त्यानं म्हातारपणी, 1939 साली, आठवणी प्रसिद्ध केल्या. दोन जोड्या लोकरी मोजे, त्यावर मऊ कातड्याचे जोडे, त्यावर गुडघ्यापर्यंतचे जाड पायमोजे, त्यावर बूट, असे कपड्यांवर कपडे चढवून ही पोरं घोड्यावर बसत आणि नदीकाठी जमलेल्या गुरांना पुन्हा टेकड्यांकडे हाकत. नदीकाठच्या बर्फाला भगदाडं होती. पुढचं जनावर पाण्यासाठी वाकायचं, मागचे रेटायचे, पुढचं पाण्यात जायचं. मालक तेव्हा शहरातल्या क्लबात शेकोटीपाशी होते, हे त्याच्या लिहिण्यातून जाणवत राहतं. काही गुरं गावांत शिरली. लावलेली रोपटी खाल्ली, झोपड्यांच्या भिंतींवरचा डांबरी कागद चघळला.

बर्फ वितळलं तेव्हा ओढ्यांच्या घळी भरलेल्या होत्या. पुराच्या पाण्यातून मेलेली गुरं वाहत जाताना लोकांनी पाहिली. किती मेली? कुणी म्हणतं निम्मी, कुणी त्याहून जास्त. मुळात किती होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं, कारण मोजली होती ती वहीत. बुडीत गेलेल्या कंपन्यांचा हिशेब लागला तेव्हा असंही दिसलं, की काही गुरं त्या हिवाळ्यात मेलीच नव्हती. ती कधी जन्मलीच नव्हती. सगळा तोटा हिवाळ्याच्या नावावर टाकून अनेकांनी हात झटकले. स्वॉन कंपनी 1887 मध्येच कोसळली. रूझवेल्टची निम्म्याहून जास्त गुरं गेली. स्टुअर्टची दोन तृतीयांशाच्या आसपास. ज्याला आपण चारा घालू शकत नाही, निवारा देऊ शकत नाही, असं जनावर पुन्हा पाळायचं नाही, असं ठरवून स्टुअर्ट या धंद्यातून उठला. पुढं तो राजदूत झाला आणि नंतर ब्यूट शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल. मला हा शेवट आवडतो.

आणि जमीन? 1888 मध्ये सरकारनं एका करारानं ब्लॅकफीट आणि शेजारच्या जमातींकडून सुमारे 1 कोटी 70 लाख एकर काढून घेतली. गुरं चारायला आणखी जागा झाली.

या हिवाळ्यानं एक काम केलं. मोंटानाचा गुरं पाळणारा माणूस गवत कापायला लागला. घोड्यावरून उतरून विळा-कोयता हातात घेणं गुराख्यांना कमीपणाचं वाटे, त्यांच्या आठवणींत याच्या तक्रारी आहेत. पण नदीकाठची सखल जमीन पाटानं भिजवायची, तिथं गुरांना उन्हाळ्यात फिरकू द्यायचं नाही, गवत किंवा लसूणघास कापून गंज्या रचायच्या, उन्हाळ्यात गुरं डोंगरावर न्यायची आणि हिवाळ्यात खाली गंजीपाशी आणायची, अशी घडी बसली. कॉनरॅड कोर्स हा स्टुअर्टचा भागीदार. मोठं कर्ज काढून तो पुन्हा उभा राहिला. डिअर लॉज गावातलं त्याचं ठाणं आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेलं आहे आणि तिथं अजून गवताची कापणी होते. बिग होल नावाच्या खोऱ्यात तर एवढ्या गंज्या दिसत, की त्याला दहा हजार गंज्यांचं खोरं म्हणू लागले.

साधा हिशेब सांगतो. पाचशे-सहाशे किलोची गाय दिवसाला बारा किलोच्या आसपास वाळलेलं गवत खाते. पाच महिन्यांचं ते होतं पावणेदोन-दोन टन. शंभर गाई म्हणजे दोनशे टनांच्या गंज्या. थंडी वाढली की भूक वाढते. केस कोरडे आणि दाट असतील तर उणे 8 अंशांपर्यंत गाईला फारसा त्रास नसतो. त्याखाली दर अंश सेल्सिअसला तिची गरज साधारण दोन टक्क्यांनी वाढते. आणि केस भिजले असतील तर हीच मर्यादा थेट 15 अंशांवर येते. म्हणजे आपल्या पुण्या-नाशिकच्या थंडीतही भिजलेली गाय कुडकुडेल. शिवाय ती बहुधा गाभण असते. वसंतात वासरू व्हायचं असतं.

गवत कापलं म्हणजे रान राखलं असं होत नाही. ते काम वेगळं. ऑरेगनमधल्या वॅलोवा पर्वतात 1907 पासून आर्थर सॅम्प्सन नावाचा तरुण शास्त्रज्ञ गवतात गुडघे टेकून बसू लागला. हा नेझ पर्स लोकांचा मुलूख, त्यांना 1877 साली इथून हुसकून लावलेलं. मेंढ्या आणि गुरांनी तो उजाड केला होता. सॅम्प्सननं पाहिलं की वसंतात कोवळं गवत फुटताच जनावर सोडलं तर मुळांत साठा राहत नाही. रानाचे भाग पाडा, दरवर्षी एका भागाला बी पिकेपर्यंत विश्रांती द्या आणि मग जनावरं सोडा. त्यांच्याच खुरांनी बी मातीत दाबलं जाईल. पुढच्या वर्षी दुसरा भाग. आपल्याकडचे कुरण राखणारे यात नवीन काय म्हणतील. नवीन एवढंच, की त्यानं ते मोजून दाखवलं.

मोजायला लावणारा कायदाही आला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर रूझवेल्टनं जंगलं राखीव करण्याचा धडाका लावला आणि 1906 पासून सरकारी जंगलात चराईला परवाना आणि पैसे लागू झाले. मालकांनी आरडाओरड केली, कोर्टात गेले, 1911 साली सर्वोच्च न्यायालयात हरले. उरलेल्या मोकळ्या सरकारी रानांसाठी 1934 मध्ये टेलर कायदा झाला. तेव्हापासून परवान्यावर एक माप असतं. एक गाय आणि तिचं वासरू एका महिन्यात खातील तेवढं गवत, हे एक एकक. इतकी एककं तुमची, त्याहून जास्त नाही. बायसन संपवून पन्नास वर्षं झाल्यावर हे शहाणपण कागदावर आलं. या कागदावरून तिथले पशुपालक आणि सरकार अजून भांडतात, ते भांडण वेगळं.

मजा अशी, की अलीकडे तिथले जाणते पशुपालक पुन्हा हिवाळी चराईकडे वळले आहेत. गंजी रचायला यंत्र, डिझेल, मजुरी लागते. सर्वांत मोठा खर्च तोच. मग काही रानं उन्हाळ्यात मुद्दाम चारायची नाहीत, उभं वाळलेलं गवत हिवाळ्यासाठी सोडायचं. निम्मं खाऊ द्यायचं, निम्मं राखायचं, असा तिकडचा जुना ठोकताळा आहे. वाळक्या गवतात प्रथिनं सात टक्क्यांखाली गेली, तर गाईच्या पोटातले सूक्ष्म जीवच उपाशी राहतात आणि पोट भरूनही गाय वाळते. म्हणून वर थोडी पेंड द्यायची. सरकीची पेंड तिकडंही चालते. तिला ते ‘केक’ म्हणतात. स्वच्छ, मऊ बर्फ असेल तर गाय ते खाऊन पाण्याची गरजही भागवते. विण्याचा काळ फेब्रुवारीऐवजी एप्रिल-मेमध्ये आणला, तर नवं गवत आणि दुधाची गरज एकत्र येतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर माइल्स सिटीजवळच्या फोर्ट किओ केंद्रात काम झालं आहे. 1924 पासून तिथं गुरांचं आणि गवताचं संशोधन चालतं. त्याआधी ती लष्करी छावणी होती, लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर उभारलेली, त्या लढाईत पडलेल्या कॅप्टनचं नाव दिलेली.

पण गंजी मात्र कुणी मोडून टाकलेली नाही. पापुद्रा धरला, तर उभं गवत काय कामाचं, हे ते 1887 पासून जाणतात. आणि तरीही हिवाळा चकवतो. ऑक्टोबर 2013 च्या पहिल्या आठवड्यात दक्षिण डाकोटात आधी पाऊस झाला आणि लगेच हिमवादळ आलं. गुरं अजून उन्हाळी रानात होती. हिवाळ्याचे केस अंगावर आले नव्हते, होते ते भिजलेले. हजारो गुरं दोन-तीन दिवसांत मेली. त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये अंदाजपत्रकाच्या भांडणावरून सरकारी कचेऱ्यांना कुलूप होतं. नुकसानीची नोंद द्यायला गेलेल्या पशुपालकाला दार उघडणारं कुणी नव्हतं.

ब्लॅकफीट लोकांच्या रानात 2016 साली, एप्रिल महिन्यात, कॅनडातल्या एल्क आयलंड उद्यानातून बायसनची 87 वासरं ट्रकमधून आली. या वासरांचे पूर्वज मूळचे मोंटानाचेच. बायसन संपत असताना एका मूलनिवाशानं काही अनाथ वासरं सांभाळली होती. त्यांचा कळप वाढला, तो पुढं दोन पशुपालकांकडे गेला. 1907 साली अमेरिकन सरकारनं विकत घ्यायला नकार दिल्यावर कॅनडानं तो घेतला. 2023 च्या उन्हाळ्यात त्यातले काही बायसन ब्लॅकफीट लोकांनी चीफ माउंटन डोंगराच्या पायथ्याशी मोकळे सोडले. त्यांच्यासाठी तिथं कुणी गंजी रचत नाही. बर्फ पडलं की ते मुंडकं डावीकडून उजवीकडे फिरवतात, गवत दिसेपर्यंत.